मैनाबाईची दारका

वलगावच्या मैनाबाईनं उभ्या जन्मात नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, आणि ती नदी तरी कोणती, तर पेढी, जी उन्हाळ्यात गुडघ्यालाही लागत नाही. पण मुंबईहून निघालेली आगबोट द्वारकेपर्यंत कुठं कुठं थांबते, हे तिला तोंडपाठ होतं. आधी वेरावळ, तिथं उतरून सोमनाथ. मग पोरबंदर, म्हणजे सुदाम्याचं गाव. मग द्वारका. गावातल्या मिशाळ बाप्यांना अकोल्याच्या पुढचं गाव विचारलं तर डोकं खाजवत, आणि ही बाई भाकरी थापता थापता अख्खा किनारा सांगायची.

ती भगवंतरावांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परतली, ती तिथलीच झाली. आई गेल्यावर धाकट्या भगवंताला तिनंच वाढवलं, त्याचं लग्न लावलं, भावजयीची बाळंतपणं काढली. बावीस वर्षं त्या घरची चूल तिच्या हाताशिवाय पेटली नव्हती. अशा बाईला सगळं घर ‘आमची बाई’ म्हणतं आणि तिला काय हवं ते मात्र कोणी विचारत नाही.

एकदाच विचारलं. तिकडे सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. जो तो काळ्या रानात कापूसच पेरी. सगळ्यांची बोंडं एकदम फुटली आणि वेचायला बाया मिळेनात. भगवंतरावांचं रान पांढरंफेक होऊन उभं, वर आभाळ भरून आलेलं. मैनाबाईनं पदर खोचला, सारं वलगाव पालथं घातलं, कुणाला गोड बोलून, कुणाला दटावून चाळीस बाया गोळा केल्या आणि पुढची पात स्वतः धरली. कापूस कोरडा घरात आला. त्या आनंदात भगवंतरावांनी खंडोबासमोर बेलभंडार उचलला.

“माग बाई. मागशील ते देतो.”

“मले दारका दाखव.”

“दारका? काहून व?”

“रुक्मिणी आपल्या वऱ्हाडची लेक हाये ना? कौंडण्यपूर का लय दूर हाये? लेक तिकडे दिली, पण माहेरचं कोणी तिच्या चौकशीले गेलं काय? तिचं सासर कसं हाये, ते मले पाहाचं हाये.”

सगळे खो खो हसले. भगवंतरावही हसले, पण भंडारा मुठीत होता. “तुह्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही,” ते म्हणाले. “खंडोबाची आण.”

त्या दिवसापासून मैनाबाईला दुसरं काही सुचेना. पोरबंदरचा देवीदास म्हणून एक व्यापारी कापूस घ्यायला येई. त्याला ताकाचा गडू देऊन ती उंबऱ्याआड बसायची आणि प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून कापूस आटोपला की माघात निघायचं. फाल्गुनात द्वारकेला फुलडोल असतो, देवावर रंग उडतो, तो गाठायचा. बोटीवर परक्याच्या हातचं चालायचं नाही, तर दुधात मळलेल्या दशम्या न्यायच्या. पोटात ढवळलं तर सुंठ आणि लिंबू. देवीदास म्हणाला की बोट झोपाळ्यासारखी हलते, नव्या माणसाला सोसत नाही. झालं! चाळिशी ओलांडलेली ही विधवा बाई रोज दुपारी मळ्यातल्या निंबाच्या झोक्यावर डोळे मिटून बसू लागली.

मळा तानुबाई माळिणीचा. ती मैनाबाईची बाळपणची मैत्रीण, जिभेनं तिखट. “काय व मैना, नागपंचमी सरून चार महिने झाले ना!”

“समुद्र शिकून राहिली मी,” मैनाबाई डोळे न उघडता म्हणायची.

गाव हसलं, पण गावानं रुक्मिणीसाठी घरोघरचे खण आणून तिच्या हाती दिले. विधवेनं ओटी भरायची नसते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं आपणहून भावजयीला म्हटलं, “वच्छला, ओटी तू भर. मी आपली उंबऱ्यापाशी उभी राहीन.” एवढंच तिचं मागणं होतं.

देवीदासानं बोटीवर पाच जणांची सोय केली. भगवंतराव, वच्छला, वच्छलेचे आईबाप आणि मैनाबाई. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात पुरती शिरली नव्हती, ती धरायला गाड्या जुंपून अकोल्याच्याही पुढं जावं लागे. निघायच्या चार दिवस आधी भगवंतराव म्हणाले, “बाई, तू दशम्यांच्या टोपल्या न् खणांचं गाठोडं घेऊन अकोल्याले पुढं जा. नत्थुजीकडे थांब. आमी मागून येतो, तुले घेतो न् निघतो.”

नत्थुजी म्हणजे त्यांचा मावसभाऊ. मैनाबाई त्याच्याकडे जाऊन राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोर्णा नदीवर धुणं घेऊन गेली. परत आली तर ओसरीवरच्या टोपल्या नव्हत्या, गाठोडं नव्हतं, आणि नत्थुजी खाली मान घालून बसला होता.

“भगवंता आला काय?”

“येऊन गेला.”

तिला आधी कळेचना. मग नत्थुजीनं अडखळत सांगितलं. वच्छलेचा भाऊ खुशालराव अडून बसला होता, की मी येणारच. जागा पाच. सासरच्या माणसाला नाही म्हणायचं कसं?

“न् बेलभंडार?”

“त्यानं तुह्या नावाची सुपारी घेतली बाई. पूजेत बायको हजर नसली का तिच्या जागी सुपारी मांडतात ना, तसंच. म्हणे, बाईले घेऊनच चाललो. आण मोडली नाही.”

मैनाबाई ओल्या धुण्याचा पिळा हातात धरून उभी राहिली. तिनं एकच विचारलं, “मी नदीवर गेली, हे पाहूनच आले काय ते?”

नत्थुजी खोटं बोलू शकला असता. पण तो सरळ माणूस. “गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली होती,” तो म्हणाला. “तू गेल्यावर आले.”

तिचं काळीज तिथं फाटलं. जागा नव्हती, हे तिनं गिळलं असतं. सासरच्यांपुढं भाऊ नमला, हेही गिळलं असतं, जगात सगळेच नमतात. पण ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो आपल्या पाठमोऱ्या जाण्याची वाट पाहत गल्लीत दबा धरून बसला, आणि आपल्याच हातच्या दशम्या उचलून पळाला, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. ती वलगावला परतली. गुरंढोरं, गडीमाणसं तिनं नेहमीसारखी सांभाळली. मनात एक वेडी आशा होती. येईल, शरमेल, चुकलं म्हणेल. तेवढ्यावर तिनं माफ केलं असतं.

मंडळी उन्हानं रापून, हसतखिदळत परतली. दुसऱ्या दिवशी मावंद्याचं जेवण मांडलं. तीर्थाहून आलेल्यांच्या पाया पडायला गाव जमलं. भगवंतरावांनी भर अंगणात कनवटीची सुपारी काढून बहिणीच्या तळहातावर ठेवली.

“घे बाई. गोमतीच्या पाण्यात न्हाऊन आली. तू जाऊन आलीस असं समज. अरे, बाईच्याही पाया पडा रे! बाईनंही दारका केली!”

दोन-चार सुना खरंच वाकल्या. मैनाबाईनं पाय मागं घेतले आणि ती आत गेली. चुलीवर पुरण शिजत होतं, पोळ्या व्हायच्या होत्या. तिनं चुलीसमोर पाट मांडला, पाटावर सुपारी ठेवली आणि भावाला हाक मारली.

“भगवंता, बोटीत ही माही जागा घेते, त चुलीपाशीही घेईल. ही तुही बहीण. हिच्या हातच्या पोळ्या वाढ पंगतीले.”

हात पुसून ती मागच्या दारानं निघाली, ती थेट तानुबाईच्या मळ्यात जाऊन राहिली. निरोप आले, वच्छला येऊन रडून गेली, ती हलली नाही. फुलं खुडायची, हार गुंफायचे आणि पाटीत घालून अमरावतीला विकायचे, हे तिचं जगणं झालं.

दोन-तीन वर्षांत आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली. एका सकाळी भगवंतराव मळ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. कानशिलं पिकली होती, आवाज उतरला होता.

“बाई, चाल. आता खरंच नेतो दारकेले. आपण दोघंच जाऊ.”

मैनाबाईनं पाटी डोक्यावर घेतली.

“मी जाऊन आली ना, भगवंता,” ती म्हणाली. “साऱ्या गावाले तूच त सांगतलं.”

आणि बाजाराला उशीर होत होता, म्हणून ती बांध उतरून अमरावतीच्या वाटेला लागली.