एका गल्लीसाठी दोन प्रोसेसर

वदीअ मिस्त्रीला, आमच्या भाषेत उस्ता वदीअला, खोटं बोलता यायचं नाही. कान लाल व्हायचे. त्यामुळे कुणी संगणक घ्यायला आलं की त्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचं.

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात विद्यापीठाच्या मागे त्याचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मधे एकच भिंत. युरोपातल्या मोठ्या कचेऱ्या जी जुनी वर्कस्टेशनं काढून टाकतात, ती दमियात्ताच्या बंदरात उतरून त्याच्याकडे यायची. काळी, पेटाऱ्यासारखी जड. एकेकाच्या पोटात दोन दोन प्रोसेसर. वदीअ त्यांच्यातली परमुलखाची धूळ ब्रशने झाडायचा, प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावायचा आणि दोन दिवस सलग राबवून बघितल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचा नाही. "ही कामासाठी जन्मलेली आहेत," म्हणायचा.

लग्न त्याने केलं नाही. धाकट्या भावाची मुलगी मिर्ना इंजिनियर झाली आणि दुकानात बसायला लागली. काकाला ती अम्मो म्हणायची. पुढच्या काउंटरवर तिने नवे डेस्कटॉप जोडायला घेतले आणि सकाळपासून दोघांची जुंपायला लागली.

"अम्मो, तुमचा म्हातारा बघा कसा धापा टाकतोय. चहाचं भांडं ठेवू का त्याच्यावर?"

"तुझा तो डबा फुंकर मारली तर उडेल."

"वजनाने काम होत असतं तर मी टेबलावर म्हैसच बांधली असती."

जानेवारीत अब्ला रौहिया आल्या. अब्ला म्हणजे बाई. मुलींच्या शाळेत मलाही त्यांनीच चित्रकला शिकवली होती. त्यांचे यजमान सिदकी वदीअचे जुने दोस्त, दोन वर्षांपूर्वी गेले. नदीकाठची त्यांची गल्ली रस्ता रुंद करायला पाडली, त्याच्या आदल्या वर्षी सिदकींनी तिथलं दार न् दार, खिडकी न् खिडकी टिपून ठेवली होती. पाच हजार सहाशे फोटो. त्या फोटोंवरून संगणक मापं काढतो आणि सगळी गल्ली पडद्यावर उभी करतो, आत फिरता येईल अशी. सिदकींनी काम सुरू केलं. ते गेल्यावर अब्लांनी वहीत लिहून लिहून शिकून पुढे चालवलं. वदीअनेच दिलेल्या जुन्या वर्कस्टेशनवर ते महिनोन् महिने रखडत होतं.

"वदीअ, नवा प्रोसेसर घेतला तर हे लवकर होईल का रे?"

"घाई काय आहे, अब्ला?"

त्यांनी चष्म्यावर बोट टेकवलं. "नजरेच्या मधोमध डाग पडलाय. डॉक्टर इंजेक्शनं देतायत, पण उन्हाळ्यानंतरचं काही सांगत नाहीत. मला माझी गल्ली उभी राहिलेली बघायचीय, एवढंच."

"दुकानातल्या जुन्या-नव्या दोन्हीवर हेच काम लावून बघतो," वदीअ म्हणाला. "चार दिवस द्या."

मिर्ना तेव्हा अलेक्झांड्रियाला गेली होती, आजारी मावशीपाशी. चार दिवसांनी अब्ला आल्या तेव्हा मी त्याच्या दुकानात सुट्टे मागायला उभी होते.

"जुनाच बरा, अब्ला," वदीअ म्हणाला. "नवा अर्ध्यावर मान टाकतो."

"तू म्हणतोस तर तसंच असेल," असं म्हणून त्या गेल्या. कान लाल झालेले मी पाहिले, पण थंडी होती. मी मनावर घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी मिर्ना परतली. भिंतीपलीकडून आवाज चढला तशी मी दारात जाऊन उभी राहिले.

"अम्मो, तुम्ही अख्खी गल्ली एकदम घातलीत त्याच्यात?"

"गल्लीच तर करायचीय."

"जुन्यात मेमरी एकशे अठ्ठावीस जीबी, नव्यात बत्तीस. तो अडकणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्हाला?"

वदीअ स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. तो आधीच स्वच्छ होता.

"एका घराचे फोटो दोन्हीकडे लावून बघितलेत?"

"बघितले."

"ग्राफिक्स कार्ड?"

"तेच काढून तेच लावलं, दोन्हीकडे."

"मग?"

"जुन्याला तीन तास चाळीस मिनिटं लागली." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुझ्याला एक्कावन्न मिनिटं."

एरवी मिर्नाने त्याला वर्षभर पुरेल इतकं चिडवलं असतं. ती आत गेली आणि नळाखाली कप विसळत राहिली.

मग वदीअ माझ्याशी बोलला. "नगात, अब्लांकडचं ते मशीन मी आणि सिदकीने मिळून उघडलं होतं. पेस्ट त्याने स्वतः लावली. पावावर लोणी थापावं तशी थापली बेट्याने. आम्ही हसून हसून बेजार. एकेका प्रोसेसरमध्ये बारा कोर, म्हणजे बारा जण राबतात, दोघांचे मिळून चोवीस, याचं त्याला केवढं कौतुक! येईल त्याला सांगायचा. नव्यात तर सगळे मिळून चौदाच. पण ते चौदा काय पळतात! चोवीसांना मागे टाकतात. आणि मला वाटलं, आता तो पेटारा त्या टेबलाखालून निघाला तर..."

"उस्ता, तेवढ्यासाठी त्यांचे डोळे थांबणार आहेत का?" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, तू चल बरोबर. त्याचा ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होता, लोणी-तूप वर्ज्य. तरी अब्लांना आवडते म्हणून तुपातली बसबूसा, रव्याची मिठाई, घेतली. तिसऱ्या मजल्यावर चढून गेलो. वर्कस्टेशन टेबलाखाली घरघरत होतं आणि अब्ला लोकरी मोजे घालून, त्याच्या मागच्या गरम वाऱ्यापाशी पाय धरून बसल्या होत्या.

"अब्ला, मी लबाडी केली," वदीअ उभ्याउभ्याच म्हणाला, आणि सगळं सांगितलं. मिनिटांसकट.

अब्लांनी गरम वाऱ्यातून पाय मागे घेतले.

"तीन आठवडे, वदीअ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे मोजके दिवस आहेत. त्यातले तीन आठवडे तू घेतलेस."

"हो."

"दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, धंदा आहे. तू?"

तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा. मलाही कुठे बघावं कळेना. अब्लांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बस आता. सिदकी तावलाच्या डावात सोंगट्या सरकवायचा आणि पकडला गेला की अस्साच चेहरा करायचा. बसबूसा आणलीस ना? मग बश्या आण. आणि सांग, काय करायचं ते."

जे करायचं ते मिर्नाने आधीच कागदावर आखून ठेवलं होतं. गल्लीचे घराघराने एकोणीस तुकडे करायचे आणि एकेक तुकडा नव्यावर उभा करायचा. तिथे त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण एकोणीस घरं शेवटी एकत्र सांधायची तर सगळी एकदम मेमरीत मावायला हवीत. ती नव्यात मावत नव्हती, आणि जुन्याची मेमरी नव्याला बसत नाही, जातच वेगळी. तेव्हा सांधणी जुन्यावर. मिर्नाने आपल्या काउंटरवरचा डेस्कटॉप उचलून अब्लांच्या घरी नेला आणि पेटाऱ्याशेजारी ठेवला.

"भांडत नाहीत हो दोघं," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा शहाणे आहेत."

"नव्याचा आवाजच येत नाही," वदीअ कुरकुरला. "आहे की गेला, कळायचं कसं?"

"काम झालेलं दिसतं, त्यावरून."

त्यानंतर रोज दुपारी वदीअ दुकान मिर्नावर सोपवून तिसरा मजला चढायचा. दोन फोटोंत तीच खूण असूनही संगणकाला ओळखू आली नाही की ती माणसाला दाखवावी लागते. आधी अब्ला स्वतः खुणा करायच्या, पडद्याला नाक लावून. मार्चमध्ये डाग वाढला. मग वदीअ फोटोचं वर्णन करायचा आणि त्या सांगायच्या. "निळं दार, वर अर्धी कमान, डावीकडे पाइप." "ते मागच्या बाजूचं. पुढचं घे." महिन्याभरात एकोणीस घरं उभी राहिली. जुन्या मशीनला ती सांधायला चार दिवस लागले, आणि ईस्टरच्या आदल्या गुरुवारी काम संपलं.

आम्ही तिघं गेलो. अब्ला मान जरा वळवून बसल्या. समोरचं दिसायचं नाही, पण डोळ्याच्या कडेने अजून बरंच दिसायचं. माउस मिर्नाच्या हातात.

"हळू," अब्ला म्हणाल्या. "मी चालते तशी चाल."

गल्ली सुरू झाली. पिवळ्या भिंती, उखडलेली पायरी, बेकरीवाल्याची लोखंडी जाळी. एका दुकानाच्या जागी नुसतंच काळं भगदाड.

"इथे काच होती," वदीअ म्हणाला. "आरपार दिसलं की संगणकाला भिंत कळत नाही. नव्याला नाही आणि जुन्यालाही नाही."

"सिदकीलाही कळायची नाही. दोनदा नाक आपटलं त्याने तिथे."

हसतच पुढे गेलो. मग अब्ला एकदम म्हणाल्या, "थांब." वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर पांढरी चादर वाळत होती, दगडातून कोरल्यासारखी.

"फोटो काढायच्या आधी कपडे आत घेऊ दे म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "ऐकलं नाही. म्हणाला, असू दे, माणसं राहतात हे कळलं पाहिजे." आणि त्यांनी बोट नेऊन चादरीवर ठेवलं.

मिर्नाने माउस हलवला नाही.

सप्टेंबरपासून अब्लांना वाचता येत नाही. घरात भिंतीला हात लावून चालतात. वदीअ आता गिऱ्हाइकाला आधी काम विचारतो, मग त्याचंच काम दोन्हीवर लावून दाखवतो, मिर्नासमोर. बहुतेक जण नवाच घेतात. मागच्या खोलीतले पेटारे अजून तसेच आहेत. त्यांच्यावरची धूळ तो शनिवारी झाडतो.

आणि गुरुवारी तो अब्लांकडे जातो. माउस त्याच्या जाड हातात असतो, त्या डोळे मिटून बसतात. "आता आपण कुणाच्या दारात आहोत?" तो विचारतो, आणि त्या सांगतात. या गुरुवारी मीही गेले होते. नवव्या घरापर्यंत पोचल्या होत्या. तिथल्या बाईच्या लग्नात वरातीची घोडी थेट जिन्यात कशी शिरली, ते सांगत होत्या, आणि वदीअ पुन्हा पुन्हा विचारत होता, "मग? मग बाहेर कशी काढली?"