फाटकापाशी विसावा

वडील नगरच्या उत्तरेला एका लहान स्टेशनावर मास्तर होते. लढाईचे दिवस होते. रेल्वेच्या रीती विलायतेहून आलेल्या. वडील त्या सोवळ्यासारख्या पाळत. न थांबणाऱ्या गाडीसाठीही टोपी घालून फलाटावर उभे राहत. "फाटक बंद असलं की तिकडे राजासुद्धा थांबतो," म्हणत. खरं-खोटं आम्हाला माहीत नव्हतं.

ते गेले तेव्हा मनमाडला अक्काला तार केली. ती सकाळच्या पॅसेंजरने निघाली. पण मागून भिंगारच्या छावणीकडे जाणारी मिलिटरी स्पेशल येत होती, म्हणून पॅसेंजर आधीच्या स्टेशनावर बाजूला काढून ठेवली. मिलिटरी आधी, हा नियम वडीलही पाळत.

ऊन चढलं. "आता थांबता येणार नाही," काका म्हणाले. अक्काला तोंड दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तरी मी मडकं उचललं.

स्मशान रुळांपलीकडे. फाटक बंद होतं. स्पेशल धडधडत गेली. खिडकीतल्या एका गोऱ्या सोल्जराने तिरडी पाहून टोपी काढली. मागोमाग पॅसेंजर होती, म्हणून फाटक उघडलं नाही.

"तिरडी उचलल्यावर असं ताटकळायचं नसतं रे."

"मंग ह्योच इसावा समजा, काका," फाटकवाला म्हणाला.

वाटेत एकदा तिरडी खाली टेकवतात, तो विसावा पुढे चिंचेखाली ठरला होता. आम्ही ती तिथेच टेकवली.

पॅसेंजर आली. खिडकीत अक्का होती. तिने मला पाहिलं, हातातलं मडकं पाहिलं. डबा फलाटाकडे सरकला.

आमच्या मागे खोळंबलेला बैलगाडीवाला ओरडला, "खोल की आता! गेली न्हवं गाडी?"

"लाईन किलेर न्हाई."

"आरं, फलाटाला लागलीया, हितनं दिसतीया!"

"लाईन तुला कळती का मला?" फाटकवाल्याने किल्ली मुठीत धरली होती. तो फलाटाकडे बघत होता.

अक्का रुळांमधून अनवाणी धावत आली आणि तिरडीपाशी बसली. बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. मीही नाही. मडक्याची धग तेवढी बोटांना लागत होती.

ती उठली.

"लाईन किलेर," फाटकवाला म्हणाला आणि त्याने कुलूप काढलं.

वडील असते तर त्याच दिवशी त्याचा रिपोर्ट वर गेला असता.