निकालाच्या जागी लग्नाचं पान

औरादच्या बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पुण्यातली चार वर्षांची नोकरी सोडून मी गावाकडं परतले होते. मालकांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणे. भाड्यानं घेतलेल्या एकाच सर्व्हरवर आम्ही तीन वेबसाइट चालवायचो: बाजारभावाची, लग्न जुळवण्याची आणि बसवकल्याणकडल्या एका कॉलेजची.

आलेल्या माणसाला कुठं पाठवायचं, हे ठरवणारा एक प्रोग्राम मी सर्व्हरच्या दारातच बसवला होता. कॉलेजच्या वेबसाइटला स्वतःचं नाव होतं. ते टाकलं की कॉलेज उघडायचं. बाकीच्या दोन्ही साइट ऑफिसच्या नावावर. त्या नावापुढं तिरकी रेघ देऊन ‘भाव’ लिहिलं तर बाजारभाव, काहीच न लिहिलं तर लग्नाचं पान. आणि प्रोग्रामला अनोळखी असलेलं नाव आलं, तर त्यालाही तो ऑफिसच्याच नावावर ढकलायचा.

कॉलेजच्या निकालाच्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. कोहिनूर गावचे एक शेतकरी बोलत होते.

“अक्का, पोरीचा निकाल बघायलोय. नंबर टाकायला जागाच न्हाई. उंची विचारायलंय, रास विचारायलंय!”

“तुम्ही भरलं काय ते?”

“व्हय, भरलं की. कॉलेजला लागत असंल म्हणलं. आता पोरं दाखवायलंय. लातूरचा एक तर बँकेत हाय.”

मागून मुलगी ओरडली, “अप्पा, बंद करा ते!”

त्यांनी काय टाइप केलं ते अक्षर-अक्षर वाचून घेतलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी नावाआधी तीन डब्ल्यू लावले होते. माझ्या नियमात कॉलेजचं नाव नुसतंच होतं. तीन डब्ल्यूवालं नाव प्रोग्रामला परकं वाटलं आणि तसं टाकून निकालाला आलेले सगळे लग्नाच्या पानावर जाऊन बसले.

घाईघाईत मी सोपा रस्ता धरला. अनोळखी नाव आलं की कॉलेजकडं पाठव, एवढं बदललं. निकाल दिसायला लागला. मी चहा मागवला.

चहा यायच्या आधी अण्णा हातात मोबाईल धरून समोर उभे. पलीकडं अडतीवरचे शेटजी होते.

“तुरीचा भाव बघायलेत,” अण्णा म्हणाले, “आणि परीक्षेचा नंबर मागायलंय. कामून?”

शेटजीही तीन डब्ल्यू लावणाऱ्यांतलेच! इतके दिवस त्यांनी टाकलेलं नाव अनोळखी असूनही नशिबानं बरोबर जागी पोचत होतं. ते नशीब मीच नुकतं पुसून टाकलं होतं.

मग मात्र मी शांतपणे बसले. दोन्ही नावं, डब्ल्यूसकट आणि डब्ल्यूविना, नियमात लिहिली. अनोळखी नावासाठी एक साधं पान केलं: ‘कुठं जायचंय?’ आणि खाली तीन दुवे. एकेक नाव स्वतः टाकून पाहिलं. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि प्रत्येक पान उघडलं की “व्हय, बराबर,” म्हणत राहिले.

दुपारी कोहिनूरहून पुन्हा फोन आला. या वेळी मुलगीच होती. फर्स्ट क्लास मिळाला होता.

“आणि अक्का,” ती आवाज बारीक करून म्हणाली, “अप्पांनी भरलेला तो फॉर्म तेवढा काढून टाका. मला पुढं शिकायचंय.”

तिचा फॉर्म मी तिच्याशी बोलता बोलताच काढला. त्यात अप्पांनी तिची उंची चांगली सहा फूट लिहिली होती.