‘हं’ आल्याशिवाय

“रेकिपे. मिस्के. दा.”

चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून ते मोठ्याने वाचायचे. घे, मिसळ, दे. पडद्याआडून डॉक्टर “हं” म्हणायचे. मगच बाटलीचं बूच निघायचं.

जळगावात आमच्या दैनिकाच्या कार्यालयाखाली हा दवाखाना होता. ते तिथले कंपाउंडर. सगळीकडे तयार गोळ्या आल्या, तरी हे डॉक्टर औषध मिसळूनच देत आणि चिठ्ठीवर जुन्या पद्धतीने लॅटिन लिहीत. असे दवाखाने तुम्हीही पाहिले असतील. चिठ्ठी मोठ्याने वाचणारा माणूस पाहिला नसेल.

मी खोकल्याचं औषध घ्यायला जायचो. ते शिकवायचे. “एकाला सांगायचं तर ‘दा’. अनेकांना सांगायचं तर शेपूट लावा, ‘दाते’.”

“दाते आमचे प्रूफरीडर आहेत.”

“मग औषध त्यांच्याकडेच मागा.”

“आणि देऊ नका, असं सांगायचं तर?”

“नोली दारे. पण ते चिठ्ठीत येत नाही. आज्ञा डॉक्टरांची. आपण वाचायची.”

एका दुपारी भडगावची एक बाई तापलेल्या मुलीला घेऊन आली. मी बाकावर होतो. त्यांनी चिठ्ठी वाचली. “हं.” पुन्हा वाचली. “हं.” तिसऱ्यांदा वाचली, तेव्हा डॉक्टर ओरडले, “कान गेले का तुमचे?”

“भाऊ, लवकर द्या ना,” बाई म्हणाली. “पोरले ताप शे.”

मात्रा मोठ्या माणसाची होती. त्यांनी पेन काढलं, चिठ्ठीत न येणारे ते दोन शब्द खाली लिहिले आणि ती पडद्याआड नेली. ते परत आले तेव्हा डॉक्टरांनी आकडा खोडून दुसरा लिहिलेला होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला. पडद्याआडून “हं” आलं नाही. ते थांबले. मग स्वतःच बूच काढलं.

मुलगी बरी झाली. आठवड्याभरात डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. कारण सांगितलं नाही.

मी बातमी करतो म्हणालो. ते म्हणाले, “नका लिहू. चाळीस वर्षांपासूनचे डॉक्टर माझे. मी त्यांना आज्ञा केली.”

“मुलगी वाचली, भाऊ.”

“हो. ते खरं आहे.”

नंतर ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. तिथल्या रुग्णालयात त्यांना शेवटचं पाहिलं. सलाइन लावलेलं होतं. नर्स म्हणाली, “आबा, हात सरळ ठेवा,” आणि पुढच्या खाटेकडे गेली.

“हात सरळ ठेवा,” ते मोठ्याने म्हणाले आणि खाटेशेजारच्या हिरव्या पडद्याकडे पाहत राहिले. हात वाकलेलाच होता. पुन्हा म्हणाले, “हात सरळ ठेवा.”

मी “हं” म्हणालो.

त्यांनी हात सरळ केला.