आज काय कापायचं?

सकाळी डोळा उघडला की खुर्चीवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न यायचा, आज काय कापायचं? पूर्वी असं काही त्याच्या डोक्यात येत नसे. पूर्वी तो उठायचा, चहा घ्यायचा, घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानाचं शटर वर ढकलायचा आणि टबात भिजत घातलेला वेत बोटांनी दाबून बघायचा. नरम झाला असेल तर विणायला बसायचं, नसेल तर आणखी एक चहा. सुखी माणूस होता. आपण सुखी आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं एवढंच, आणि बहुतेकांना ते नसतंच.

सुखी असला तरी गिऱ्हाईक नव्हतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी त्याच्या धंद्याची पार वाट लावली होती. एकात एक घालून डोंगरासारख्या रचायच्या, पाऊस लागला तरी काही होत नाही, मोडली की फेकायची. खुर्चीवाल्याचा या खुर्च्यांवर असा काही राग होता की कुणाकडे कार्यक्रमाला गेला तर तो उभा राहून जेवायचा. "हा माणूस उपाशी राहील पण प्लॅस्टिकवर टेकणार नाही," असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिला थोडं कौतुकही वाटायचं.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, तिथे ऑफिसात नोकरी करायची. एकदा माहेरी आलेली असताना तिने बापाचा व्हिडिओ काढला. तो एका जुन्या खुर्चीची फाटकी बैठक काढत होता. चौकटीच्या कडेकडेने त्याची वाकडी सुरी फिरली, खर्रर्र असा आवाज झाला आणि बैठक अख्खीच्या अख्खी खाली पडली. एवढंच. लेकीने तो 'वेतवाले काका' या नावाने फोनवरच्या एका ॲपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, हजारो लोक तो आवाज पुन्हापुन्हा ऐकत बसलेले. कुणी लिहिलं होतं, काका, हे बघून माझं डोकं शांत झालं. खुर्चीवाल्याला नवल वाटलं. आयुष्यभर विणलं तेव्हा कुणाचं डोकं शांत झालं नव्हतं.

"बाबा, आता थांबायचं नाही," लेक म्हणाली. तिने फोनला स्टँड आणून दिला, कुठे दाबायचं ते शिकवलं. "रोज सकाळी दहाला एक. सातत्य पाहिजे. दुकान कसं रोज उघडता? तसंच."

हे त्याला पटलं. दुकान रोज उघडलं पाहिजे हे त्याला त्याच्या बापानेही सांगितलं होतं. पण दुकानाला आठवड्याची सुट्टी असते हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि लेकीच्याही.

गिऱ्हाईक मात्र आलं. लोक माळ्यावरच्या, अडगळीतल्या खुर्च्या काढून घेऊन आले. बायकोने स्टँडवरची धूळ पुसायला सुरुवात केली. मग त्याला ताप आला. तापात माणूस काय सुरी धरणार? बरा होऊन परत दहाला व्हिडिओ टाकला तर कुणी ढुंकून बघेना. दुकानातही शुकशुकाट. त्याने घाबरून लेकीला फोन लावला.

"बाबा, मधेच गायब झालात ना तुम्ही. मग ते लोकांना दाखवत नाही."

"ते म्हणजे कोण?"

"ते म्हणजे ॲप."

"मग त्याला सांग की मला ताप होता."

लेक खूप हसली. तो हसला नाही, कारण त्याने विनोद केलाच नव्हता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण एका अशा मालकाकडे कामाला लागलोय ज्याच्यापुढे रजेचा अर्जही देता येत नाही.

आता खरी गोम सांगायची तर या धंद्याची चालच अशी आहे की त्यात बघण्यासारखं फार थोडं असतं. वेत भिजत पडतो. मग उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या, एकेक ओढत, एकेक घट्ट करत. मग तो वाळतो आणि वाळताना आपोआप ताणून बसतो. आठवडा सहज जातो. आणि कापायला? तोंडातला चहाचा घोट गिळायला लागेल तेवढा वेळ. विणण्याचे व्हिडिओ त्याने टाकून पाहिले. लोक पुढे सरकून जायचे. त्यांना खर्रर्र हवं होतं.

मग काय, आलेल्या सगळ्या खुर्च्या त्याने एकेका सकाळी कापून टाकल्या. रिकाम्या चौकटी भिंतीला टांगल्या. विणायला बसावं तर प्रकाश बघा, स्टँड लावा, लोकांनी पाठवलेल्या लाल बदामांना उत्तरं द्या, यातच दिवस मावळायचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो म्हणायचा, "होतच आली." एक बाई भलत्याच वस्ताद निघाल्या. "अहो, होत कसली आली? माझी खुर्ची तुम्ही कधीच कापलीत, मी स्वतः बघितलंय," त्या म्हणाल्या.

कापायला खुर्च्या उरल्या नाहीत तेव्हा तो भंगारवाल्याकडून आणू लागला. तिथल्या संपल्या. मग दुकानात नमुना म्हणून ठेवलेली, त्याच्या बापाच्या वेळची, धडधाकट खुर्ची त्याने कापली. चांगला ताणलेला वेत कापताना आवाज आणखी खणखणीत येतो, आणि त्या दिवशी बदामांचा नुसता पाऊस पडला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. रात्री जेवताना त्याने फोन ताटाशेजारी ठेवला होता.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," बायको म्हणाली. "पण तुम्ही रिकामे तरी कुठे आहात? भिंतीवर एवढ्या चौकटी लटकल्यात. विणा की."

"विणलेलं कुणी बघत नाही गं."

"बसतं ना कुणीतरी त्याच्यावर?"

त्याने आमटी ओढून घेतली. बायको उठून आतल्या खिडकीशी असलेल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आणि हिच्याकडे तर बघायचंसुद्धा नाही, सांगून ठेवते."

ती खुर्ची म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. लेकीच्या जन्मानंतर बायकोची कंबर गेली ती गेलीच. लाकडी पाटावर बसवेना, गादीत रुतून दुखायचं. तेव्हा त्याने एक बुटकी, रुंद खुर्ची घेतली आणि मुद्दाम मधे थोडी सैल विणली. असं विणलेलं बघितलं असतं तर त्याच्या बापाने कान पकडून उठवलं असतं. पण तिच्यात बसून बायको पहिल्यांदा हुश्श म्हणाली होती. पुढे वर्षानुवर्षं त्या बैठकीने तिचा आकार घेतला. दुसऱ्या कुणी बसलं तर त्याला नीट बसता यायचं नाही. तशी खुर्ची पुन्हा विणता येत नाही, नव्याने विणली तर ती नवी होते. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पुढे जे झालं त्याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं, मला सांगता येत नाही.

मधे एकदा त्याने लेकीकडे विषय काढून पाहिला. "बेटा, मी थांबू का? विणायचं खूप राहिलंय."

"बाबा, आत्ता? आत्ता कुठे जम बसतोय! सगळं पाण्यात जाईल. माझ्या ऑफिसात सगळे तुमचे व्हिडिओ बघतात. माझे बाबा म्हणून सांगते मी."

हे ऐकल्यावर बाप काय बोलणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. थांबलो तर गिऱ्हाईक नाही, चालू ठेवलं तर गिऱ्हाइकाचं काम नाही. छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं आहे असं त्याला दिवसभर वाटायचं. दहाचा व्हिडिओ गेला की पाय थोडा हलका व्हायचा आणि संध्याकाळपासून पुन्हा दाबायला लागायचा.

मग बायकोच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बायको तिच्याकडे राहायला गेली. जाताना दूध तापवायची आठवण केली, गॅस बंद करायची आठवण केली. खुर्चीचं काही बोलली नाही. एकदा सांगितलं की सांगितलं, अशी ती बाई होती.

पहिल्या सकाळी त्याने टबातल्या वेताचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्या सकाळी चहा पितानाचा. लोकांनी विचारलं, काका, आज कापणार नाही का? एकाने लिहिलं, काका संपले वाटतं. तिसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून बसला. दुकानभर फिरला. सगळ्या चौकटी रिकाम्या. घरात आला आणि खिडकीशी थांबला.

आपण मनाची समजूत घालतो तेव्हा मन किती शहाणं होतं बघा. ती यायला अजून अवकाश आहे, तो म्हणाला. आजच वेत भिजत घालतो. हुबेहूब विणतो. मीच तर विणली होती! उलट जुनी झालीये, एखाद्या दिवशी फाटेल, पडेल बिचारी. बिचारी म्हणेपर्यंत त्याने खुर्ची उचलून उजेडात आणलीही होती.

सुरी फिरली. आवाज असा आला की तसा त्यानेही कधी ऐकला नव्हता. बैठक खाली पडली, पण बाकीच्यांसारखी सपाट पडली नाही. मधला खोलगट भाग तसाच राहिला, जमिनीवर परात ठेवावी तसा. त्याने हात लावून बघितला. रडावंसं वाटलं. पण दहाला पाच कमी होते, म्हणून त्याने आधी व्हिडिओ टाकला.

तो त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ. कोण कुठले लोक बघत होते. फोन थांबेना. दुकानात नवी गिऱ्हाइकं आली, जुनी भांडायला आली, एक जण मुलाखत घ्यायला आला. तिच्या खुर्चीसाठी भिजत घातलेला वेत टबातच राहिला. जास्त भिजला की वेत काळा पडतो, बुळबुळीत होतो, मग तो विणायच्या कामाचा राहत नाही. पुन्हा भिजत घातला, पुन्हा तेच. मधल्या सकाळी होत्याच, आणि प्रत्येक सकाळी दहा वाजत होते. नव्या गिऱ्हाइकांनी आणलेल्या खुर्च्याही तो आता कापत होता.

बायको येणार त्या दिवशी त्याने चौकटीवर फळी टाकली, फळीवर ती कापलेली बैठक ठेवली आणि वरून चादर घातली. असली लपवाछपवी सहा वर्षांच्या पोराला शोभली असती.

दारात रिक्षा थांबली. आधी तिची पिशवी उतरली, मग ती उतरली, आणि मग तिने आतून ओढून काढली एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची. पायाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. तो दारातच उभा राहिला. त्याच्या बाजूने वाट काढत ती आत गेली. चादरीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. जुनी चौकट फळीसकट बाजूला सरकवली, तिच्या जागी निळी खुर्ची ठेवली आणि बसली. एकदा इकडे सरकली, एकदा तिकडे. कंबर कुठेच टेकेना.

"अगं, मी विणतो. आजच बसतो," तो म्हणाला.

"सगळे मिळून बघत होतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बहिणीच्या एका डोळ्याला पट्टी, तरी दुसऱ्याने बघत होती. तिला फार आवडलं. तिने बदाम दिला. मग मला म्हणाली, तू पण दे की."

"मग?"

"दिला. नाहीतर काय सांगणार होते तिला? ती माझी खुर्ची आहे म्हणून?"

त्या दिवशी तो खरोखरच विणायला बसला. वाकून वाकून पाठ मोडली तरी उठला नाही. उभ्या पट्ट्या झाल्या, मधे सैल सोडायला गेला आणि बोटं अडली. किती सैल? तेव्हा तरुण हातांनी विचार न करता सोडलं होतं, आता अंदाजच येईना. त्याने उसवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा उसवलं.

सकाळी फोनने टुणटुण सुरू केली. बायको खिडकीशी निळ्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती, दर थोड्या वेळाने कंबरेमागे हात नेत होती. तो चहाचा कप घेऊन समोर उभा होता. त्याला तिची माफी मागायची होती. शब्द जुळवत होता, आणि जुळवता जुळवता त्याची नजर निळ्या पायांवर गेली. हे सुरीने कापायचं नाही, डोक्यात आपोआप आलं. आवाज कसा येईल बरं? वेतवाले काका प्लॅस्टिकची खुर्ची कापताहेत, लोक वेडे होतील. त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने पटकन नजर वर उचलली.

बायको त्याच्याकडेच बघत होती. तिने हातातली शेंग सोलून पुरी केली, टरफलं पदरातून झटकली आणि खुर्चीच्या हाताला धरून हळूहळू उठली.

"करवत माळ्यावर आहे," ती म्हणाली.