सलोमीची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्याला नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना नाही. आणि देवाला — त्याला माहीत असणारच, पण माझ्या तोंडून त्यानं ते ऐकलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

कोल्हापुरात आमची मंडळी लहान, पण तिच्यात माझं नाव मोठं. प्रार्थनेची बाई म्हणतात मला. दर गुरुवारी दुपारी माझ्या घरी बायका जमतात. जिची तिची अडचण तिनं चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून माझ्या हातात द्यायची. मी ती पवित्र शास्त्रात ठेवणार, तीन दिवस उपास धरून प्रार्थना करणार आणि चौथ्या दिवशी देवाची इच्छा काय ते सांगणार. ही पद्धत कुणी पाडली? मीच. पाळकांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं, की देवाची इच्छा ज्यानं त्यानं स्वतः गुडघे टेकून शोधावी. मी हसून विषय बदलला. मान कुणाला नको असतो?

आमच्यात स्थळ पसंत नसलं की कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'प्रार्थनेत ठेवलं होतं, देवाची इच्छा दिसत नाही,' म्हणतात. फार सोयीचं असतं हे. समोरचा गप्प बसतो — देवाशी कोण वाद घालणार? हे मला जरा लवकरच कळलं होतं.

सलोमी उचगावची. नुकतीच नर्स झालेली, चोवीस वर्षांची पोर. पंचवीस एक वर्षं झाली असतील आता. माझ्या सासूबाई मोरीत पडल्या, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखमा झाल्या. सलोमी रोज सकाळी दवाखान्यात कामावर जायच्या आधी आमच्याकडे यायची. त्यांना कुशीवर वळवायची, जखमा धुवायची, पट्टी करायची, वर गाणंही म्हणायची. आणि मी? मला तो वास सोसत नव्हता. मी दारात उभी राहून गरम पाणी आत सरकवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळं इथूनच सुरू होतं.

मग तिला मस्कतच्या दवाखान्यातून पत्र आलं. तीन वर्षांची नोकरी. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते, निळी बॅगसुद्धा आणून ठेवली होती तिनं. पण गुरुवारी आली आणि चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "मावशी, इचारून सांगा. तुमी न्हाय म्हणाला तर न्हाय," म्हणाली.

पहिल्या दिवशी मी उपास धरला, खरंच धरला. दुसऱ्या दिवशी तिला लवकर ड्यूटी लागली आणि सासूबाईंचं सगळं मला एकटीला करावं लागलं. तासाभरानं बाहेर आले, हात तीनदा धुतले — आणि ताट वाढून घेतलं. भाकरी, आमटी, पोटभर. त्या तीन दिवसांत मी एकदाही गुडघे टेकले नाहीत. का? टेकले असते तर उत्तर आलं असतं. ते काय येईल, हे मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, "देवाची इच्छा नाही." सांगताना डोळेही मिटले होते मी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं" म्हणाली आणि आत पाणी तापवायला गेली. दुसऱ्या दिवशी निळी बॅग आमच्याकडेच घेऊन आली — सासूबाईंचा कापूस न् पट्ट्या ठेवायला.

दोन महिने झाले नाहीत तोवर सासूबाई गेल्या.

सलोमीचं लग्न चंदगडकडं झालं. तिकडं नर्सची नोकरी जमली नाही, आता काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडलीत, कातडी सोलली आहे. त्याच बोटांनी ती जखमा धुवायची. तक्रार एका शब्दाची नाही. कोल्हापूरला आली की मंडळीत उभी राहून साक्ष देते, देवानं मावशींच्या तोंडून मला थांबवलं. सगळे आमेन म्हणतात. मीही म्हणते.

रविवारी प्रभूची प्रार्थना चालते, तेव्हा 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की माझे ओठ मिटतात. आपोआप. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. घरी गुडघे टेकले की भीती वाटते. समोर कुणीच नाही असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी आहे, आणि ते काही बोलत नाही.

गेल्या वर्षी शास्त्राची पानं सुटली, शिवायला काढलं, तेव्हा ती चिठ्ठी खाली पडली. मी ती कधी उघडलीच नव्हती. काय असणार तिच्यात, जाऊ की नको, असंच धरून चालले होते. उघडली. लिहिलं होतं, 'मावशींच्या सासूबाईंना माझ्या जागी दुसरी चांगली बाई मिळू दे, म्हणजे मी मोकळ्या मनानं जाईन.'

जाऊ की नको, हे चिठ्ठीत तिनं विचारलंच नव्हतं. ती माझ्यासाठी मागत होती. एक बाई शोधायची होती — चार घरं फिरले असते तर मिळाली असती.

आता राहिलेलं सांगते. माझ्या पायाला साखरेची जखम आहे, वर्ष झालं, भरत नाही. सलोमीची मुलगी एस्तर इथंच नर्सिंग शिकली, माझ्याकडेच राहते. सकाळ-संध्याकाळ पट्टी तीच करते. आईसारखीच गुणगुणते. तिला दिल्लीच्या दवाखान्यातून बोलावणं आलंय. सलोमीचा फोन आला होता, "मावशी, तुमीच इचारा. माझ्या येळी इचारलंतं तसंच." एस्तरनं चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. उद्या सलोमी चंदगडच्या एसटीनं उत्तर ऐकायला येणार आहे.

आज तिसरा दिवस. दुपारी एस्तरनं वाढलं आणि मी जेवले. काल आणि परवाही जेवले. चिठ्ठी शास्त्रात आहे, तिची घडी मी अजून मोडलेली नाही.