दुपट्ट्याखालचा तिसरा हात

बैल कितीही देखणा असो, तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय मी त्याचं वय मान्य करत नाही. माणसांच्या गोष्टींनाही माझा हाच नियम. कुणी म्हणालं, अमक्या वडाखाली बाई दिसते, की मी विचारायचो – किती हातांवरून पाहिली? पायात चपला होत्या का? सांगणारा चिडायचा, मी त्याहून जास्त चिडायचो. तेव्हा पुढं लिहिलंय ते तुम्ही खरं मानावं असा माझा आग्रह नाही. तुमच्या जागी मी असतो तर मानलं नसतं.

त्रेसष्ट सालचा फेब्रुवारी. मी उमरखेडला राहायचो, बैलांची खरेदी-विक्री करायचो. जन्म तांड्यातला. दुसऱ्यांच्या बैलांमागं अनवाणी चालत धंदा शिकलो, आणि जे उभं केलं ते स्वतःच्या हिमतीवर. माझा मित्र वसंत तहसील ऑफिसात कारकून. यवतमाळचा, तीन पिढ्या नोकरी केलेल्या घरातला. त्याला पायी भटकायचा नाद. शनिवारी हाफ डे झाला की थर्मास आणि वही घेऊन निघायचा. त्या शनिवारी त्यानं मलाही ओढलं. ढाणकीपर्यंत मोटारीनं, तिथून पैनगंगेच्या काठाकाठानं गावं करत जायचं, आणि रविवारी संध्याकाळी परत ढाणकीला.

रात्री एका गावच्या देवळात झोपलो. सकाळी चहा पिताना वसंतानं वहीत रस्ता काढला.

"नदी सोडून वर चढलो की धनसिंगकाकांचा तांडा लागतो. तिकडून ढाणकी जवळ पडते."

"त्या रस्त्यानं नाई."

"काहून?"

"नाई म्हणजे नाई. वकील हायेस का तू?"

"कारकून आहे. कारण लिहिल्याशिवाय अर्ज नामंजूर करता येत नाही आमच्यात."

कारण होतं, पण मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली एकमेकांचे हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. हे मला धनसिंगकाकांनी शिकवलं. शिवाय आम्हा दोघांत एक खूण होती. मी सौदा करत असताना डावीकडे बसलेले काका दुपट्ट्याखाली उजवा हात सरकवायचे आणि माझं मनगट दोनदा दाबायचे. म्हणजे – पक्कं करू नकोस, बाजूला ये, बोलायचंय. त्या हाताची तर्जनी अर्धीच होती; तरुणपणी दाव्याच्या फासात अडकून तुटलेली. डोळे बांधले तरी मी तो हात ओळखला असता.

त्या रविवारच्या सात वर्षं आधी ढाणकीच्या बाजारात एका पांढऱ्या जोडीचा सौदा मी जमवत आणला होता. काकांनी मनगट दाबलं. वैशाखाचं ऊन होतं. मी उठलो आणि निंबाखाली जाऊन उभा राहिलो. काका आलेच नाहीत. अर्ध्या तासानं परतलो तर जोडीची दावी काकांच्या हातात! लोक माझ्याकडे बघून हसत होते. मी भर बाजारात ओरडलो, "चेल्याच्या तोंडचं काढून खाल्लं!" काका जोडी घेऊन तांड्याकडे चालू लागले. त्या दिवसापासून मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. दिवाळीत त्यांना लकवा झाल्याचं कानावर आलं, तरी गेलो नाही.

तर त्या रविवारी आम्ही नदीकाठानंच चालत राहिलो. दुपारी बाराच्या पुढं एका गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. चिंचेखाली एक तांबडा बैल बांधलेला. खांदा असा भरलेला, की माझे पाय थांबले.

"फिरायला आलास की बाजाराला?" वसंत म्हणाला.

"तू संत्र खा. मी नुसता हात घालून पाह्यतो."

मालक गणपत नावाचा जवान शेतकरी. विकायचा विचार चालूच होता त्याचा. आम्ही समोरासमोर बसलो, मी माझा दुपट्टा हातांवर टाकला. वसंत दहा पावलांवर दगडावर बसून संत्र सोलत होता. आजूबाजूला चौथं माणूस नव्हतं.

गणपतनं माझी बोटं धरली, आकडा सांगितला. मी कमी करून सांगितला. त्यानं मान हलवली. मी पुन्हा बोटं धरली आणि...

डावीकडून एक हात आला. त्यानं माझं मनगट धरलं. अंगठा दाबला. एकदा. पुन्हा एकदा.

 आधी गणपतच बोलला, आणि तो रागावला होता.

"तुमच्या दोस्ताले सांगा, हात काढ म्हणा! दोघांच्या सौद्यात तिसऱ्याचं काय काम?"

आम्ही दोघांनी एकदमच वळून पाहिलं. वसंत तिथंच दगडावर. एका हातात साल, एका हातात फोडी.

"मी काय केलं?" तो म्हणाला.

गणपतचा चेहरा उतरला. "मंग... ते बोट कोनाचं व्हतं?"

"कोनतं बोट?"

"आर्धं. तुटेल बोट. माया हाताले घासलं ना."

मी दुपट्टा फेकला. खाली त्याचा एक हात, माझा एक हात. बस. मी गणपतची गचांडी धरली. "कोनं शिकवलं तुले हे? धनसिंगचा माणूस हायेस तू!"

"कोन धनसिंग? आईची आन, मी नाई ओळखत कोनाले!"

त्याची दहाही बोटं मी उलटून पाहिली. शाबूत होती. वसंतानं मला मागं ओढलं. मी म्हणालो, पुन्हा बस, पुन्हा हात घालू. पण गणपत बैलाचं दावं सोडायला लागला होता. गाठ काही सुटत नव्हती. "मले इकाचाच नाई बैल," एवढंच म्हणत तो निघून गेला.

मग मी वसंताला सगळं सांगितलं. खूण, बोट, पांढरी जोडी. तो थट्टा करेल वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "म्हणजे बोलावलंय तुला. जाणार आहेस की नाही?"

मी त्याला दोन शिव्या घातल्या. पण पाय तांड्याकडे वळले होते.

तीनच्या सुमाराला पोचलो. काकांची सून सेवंता दारातच होती. मला बघून तिनं कपाळाला हात लावला. तांड्यात भावाला भिया म्हणतात.

"आज कसा आलास, भिया? आजच कसा?"

काका खाटेवर होते. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. सेवंता सांगू लागली. "दुपारी पेज पाजून राह्यलती मी. दिवाळीपासून मेलेला हात, अन् एकदम उचलला! खाटेच्या लाकडावर आंगठा दाबला. दोन डाव. मंग पडला. मी सासूले हाक मारली, ते येईपर्यंत काहीच नाई."

वसंत हळूच म्हणाला, "किती वाजता?"

"घड्याळ कुठं हाय, भाऊ? सूर्य डोक्यावरून जरासा कलला व्हता."

मला काय झालं कळलं नाही. त्या मुक्या माणसावर मी ओरडलो, "तवा बाजारात बोलावून आले काहून नाई तुम्ही?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उत्तर सेवंतानं दिलं.

"आले नाई? बाजारातल्या हौदापाशी उभे व्हते तुई वाट पाह्यत! बाजूला जाचं म्हणजे पान्यापाशी जाचं, जनावर पानी कसं पेते ते पाह्यत बोलाचं, हे तुले त्यायनंच शिकवलं ना? तू कुठं गेलतास?"

निंबाखाली. सावलीत. ऊन होतं म्हणून.

"दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून तुयासाठी जोडी धरून ठेवली त्यायनं. तू बाजारात बोंबलला. मोठं माणूस मंग तुले समजावत बसन का? महिनाभर जोडी या दारात बांधेल व्हती. कोनाले जू ठेवू देल्लं नाई. मालक येईन, म्हनत."

मी खाटेजवळ बसलो. त्यांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि खाली माझा हात घातला. अर्धी तर्जनी लागली. हात गार, जड. मी त्यांचं मनगट दोनदा दाबलं. उत्तर आलं नाही. ऊन उतरेपर्यंत मी हात काढला नाही.

काका होळीच्या आधी गेले. मी तिथंच होतो.

डॉक्टर म्हणाले, लकव्यात कधी कधी हात आपोआप उडतो. उडत असेल. पण दोन कोसांवरचं माझं मनगट? आणि काकांचं नावही न ऐकलेला गणपत? वसंतानं तो दिवस वहीत लिहून ठेवलाय – जागा, वेळ, कोण कुठं बसलं होतं, सगळं. शेवटी 'कारण' असं लिहून पुढची ओळ कोरी सोडली आहे. चार वर्षं झाली, ती कोरीच आहे.

पांढऱ्या जोडीबद्दल त्यांना हौदापाशी काय सांगायचं होतं, तेही मला कळलेलं नाही. मी अजून सौदे करतो, अजून डावीकडे कुणाला बसू देत नाही. मनगट पुन्हा कुणी दाबलं नाही.